दोन शस्त्रक्रियांमधले दिवस

मूल जन्मल्यानंतरची पाचवी वा सहावी रात्र आपल्याकडे सटवाईची मानली जाते. पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून, त्या रात्री सटवाई येते व बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते या श्रद्धेने बाळंतिणीच्या खोलीत दिवा तेवत ठेवण्याची चाल पन्हाळा-करवीर भागातील पुष्कळ घरांनी अजूनही सांभाळली आहे. या श्रद्धेची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्या बालकांचे हृदय गर्भात घडतानाच गंभीर रीतीने सदोष घडलेले असते, त्यांपैकी अनेकांच्या जगण्यामरण्याचा निकाल पाचवीपासून बारशापर्यंतच्या याच थोड्या दिवसांत लागू लागतो, ही गोष्ट शरीरशास्त्र जाणणाऱ्याला मोठी अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही.

याचे कारण समजण्यासाठी गर्भातील रक्ताभिसरणाकडे वळले पाहिजे. उदरात असताना बाळाची फुप्फुसे श्वसनाचे काम करीत नाहीत. प्राणवायू येतो तो वारेतून आणि नाळेतून. म्हणून फुप्फुसांकडे जाणारे बहुतेक रक्त निसर्गाने दोन वाटांनी परस्पर वळवून दिलेले असते: एक, दोन्ही कर्णिकांमधल्या पडद्यातील छिद्र, आणि दुसरी, फुप्फुस धमनी व महाधमनी यांना जोडणारी एक आखूड नळी, जिला वैद्यक डक्टस आर्टेरिओसस म्हणते. बाळ पहिला श्वास घेते, फुप्फुसे फुलतात, रक्तातील प्राणवायू वाढतो, आणि ही नळी पहिल्या दोनतीन दिवसांत आकुंचन पावून मिटू लागते; दोनतीन आठवड्यांत तिचा तंतुमय दोर होऊन जातो. निरोगी बाळाच्या घरी या घटनेची कोणाला वार्ताही लागत नाही. पण ज्या बाळाची फुप्फुस धमनीची झडप उघडीच नाही, किंवा ज्याची डावी जवनिका नाममात्र वाढलेली आहे, त्याच्या फुप्फुसांना वा सर्वांगाला रक्त पोहोचवणारा एकमेव मार्ग म्हणजे हीच नळी असते. आणि जन्मतः गुलाबी दिसलेले, रडलेले, वजनही बरे भरलेले ते मूल पाचवीच्या सुमारास दूध ओढीनासे होते, त्याचे ओठ व नखे काळसर-निळी पडतात, तळपाय गार लागतात, आणि ‘बाळ सुस्त झालंय’ एवढेच घरच्यांना सांगता येते.

जन्मजात हृदयदोष हे काही दुर्मीळ प्रकरण नव्हे. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बालकांत तो आढळतो, आणि त्यांतील सुमारे चतुर्थांश बालकांना पहिल्या वर्षाच्या आतच शस्त्रक्रिया वा तत्सम उपचाराची गरज भासते. यांपैकी पुष्कळ दोष एकाच शस्त्रक्रियेने दुरुस्त होण्यासारखे असतात. पडद्यातले छिद्र बुजवता येते. महाधमनी व फुप्फुस धमनी यांची अदलाबदल झाली असेल तर, ब्राझीलमधील साओ पावलोच्या आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या शस्त्रक्रियेने, पहिल्या काही आठवड्यांतच त्या धमन्या आपापल्या जागी बसवता येतात. खरा पेच आहे तो अशा हृदयांचा, ज्यांत काम करण्याजोगी जवनिका एकच आहे. जे घडलेलेच नाही ते शल्यविशारदाला घडवता येत नाही. त्याला एका जवनिकेवर सारा संसार चालेल अशी निराळी रक्तव्यवस्था उभारावी लागते, आणि ती एका बैठकीत उभारता येत नाही.

जोतिबाच्या डोंगराच्या उतारावर आणि पायथ्याशी वाडी रत्नागिरी, कुशिरे तर्फ ठाणे, पोहाळे तर्फ आळते, गिरोली, दानेवाडी अशी गावे आहेत. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट, आणि कोल्हापूर शहर अवघ्या पाच-सहा कोसांवर. अशा एखाद्या गावी असे बालक जन्मले आहे अशी कल्पना करू. प्रसूती दवाखान्यात झाली असेल, आणि तेथे घरी सोडण्यापूर्वी बाळाच्या उजव्या हाताला व एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून प्राणवायूचे प्रमाण पाहण्याची दक्षता कोणी घेतली असेल, तर संशय चोवीस तासांनंतरच्या तपासणीत येऊ शकतो: प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली असेल, अथवा पुन्हा पुन्हा पाहूनही ९५ पर्यंत पोहोचत नसेल, किंवा हात व पाय यांत ३ टक्क्यांहून अधिक तफावत राहत असेल, तर हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको करण्यास विलंब लावू नये. दोन मिनिटांची, वेदनारहित अशी ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात झालीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. याहूनही आधी, गर्भारपणाच्या १८ ते २२ व्या आठवड्यांतील सोनोग्राफीत हृदयाच्या चारही कप्प्यांकडे बारकाईने पाहिले गेले, तर यांतील बरेच दोष जन्मापूर्वीच उमगतात, आणि मातेची प्रसूतीच मोठ्या केंद्राजवळ करण्याची तजवीज करता येते.

निदान झाले की पहिला उपचार शस्त्राचा नसून औषधाचा असतो. प्रोस्टाग्लँडिन ई-१ हे द्रव्य शिरेतून थेंबाथेंबाने सतत देत राहिल्यास मिटू घातलेला डक्टस पुन्हा उघडतो आणि उघडा राहतो. कॅनडातील टोरांटो येथे कोचेआनी व ओली यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या संशोधनातून हा उपचार पुढे आला, आणि त्याने नवजात बालकांच्या हृदयचिकित्सेचा काळच पालटला, कारण तोपर्यंत मध्यरात्री घाईने छाती उघडण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते त्या शल्यविशारदांना दोन-चार दिवसांची मुदत मिळाली. ही मुदत डोंगराखालच्या बाळाला फार मोलाची आहे. कोल्हापूरहून बेळगाव सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे, पुणे सव्वादोनशेच्या वर, आणि मुंबई पावणेचारशेच्या आसपास. नवजात हृदयावर टप्प्याटप्प्याने उपचार करणारी केंद्रे मोठ्या शहरांतच असल्यामुळे बाळाची रवानगी करावी लागते, आणि ती कशी होते यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. प्रोस्टाग्लँडिनने काही बाळांचा श्वास मधेच थांबतो, म्हणून श्वासनलिकेची व्यवस्था जाणणारा माणूस रुग्णवाहिकेत हजर हवा. बाळ थंड पडता कामा नये. रक्तातील साखर उतरता कामा नये. आणि औषधाची धार घाटात, टोलनाक्यावर, कोठेही तुटता कामा नये.

आता हे टप्पे कशासाठी, या प्रश्नाकडे येऊ. एकाच जवनिकेच्या हृदयासाठी अंतिम व्यवस्था अशी योजलेली असते की, शरीरातून परतणारे अशुद्ध रक्त हृदयात न येता थेट फुप्फुसांत जावे, आणि असलेल्या एकमेव जवनिकेने शुद्ध रक्त सर्वांगाला पोहोचवण्याचे एकच काम करावे. यात फुप्फुसांकडे रक्त ढकलणारी जवनिका उरत नाही. शिरांतील अल्प दाबावरच ते रक्त वाहिले पाहिजे. पण नवजात बालकाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा रोध जन्मतः मोठा असतो, आठवड्या-आठवड्यांनी तो उतरत जातो, आणि त्या धमन्याही इवल्याशा असतात. ज्या व्यवस्थेने तीन वर्षांचे मूल सुखाने जगते, तीच तिसऱ्या दिवशी केली तर बाळ वाचणार नाही. म्हणून शरीर वाढेल, रोध उतरेल, धमन्या रुंदावतील तसतसे एकेक पाऊल टाकायचे, आणि प्रत्येक पावलानंतर शरीराला त्या नव्या व्यवस्थेत रुळू द्यायचे, हे या उपचाराचे मूलतत्त्व आहे. माघ महिन्यात कोल्हापूरचे भाविक लागोपाठच्या रविवारी पहाटे पायी निघून, पंचगंगा ओलांडून, कुशिऱ्यावरून जोतिबाचा डोंगर चढतात, त्या खेट्यांची रीत येथे लक्षात घेण्यासारखी आहे: एकाच रविवारी पाच वेळा डोंगर चढून ते व्रत पुरे होत नाही, मधले आठवडे आपल्या घरी, आपल्या कामात गेल्यानंतरच पुढचा खेटा येतो, आणि ते आठवडेही व्रताचाच भाग असतात.

या पावलांतले पहिले पाऊल सर्वांत आधी सापडले, आणि त्याची हकिकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग या विदुषी निळ्या बाळांवर देखरेख करीत असत; त्यांची श्रवणशक्ती क्षीण झालेली असल्यामुळे बाळाच्या छातीवर हात ठेवून हृदयाची स्पंदने ओळखण्याची विलक्षण हातोटी त्यांनी साध्य केली होती. काही बाळे डक्टस मिटल्यानंतरच खालावतात, हे त्यांच्या ध्यानी आले, आणि निसर्गाने मिटवलेली नळी माणसाला पुन्हा बांधता येईल काय, हा प्रश्न त्यांनी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्यापुढे मांडला. त्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत शोधले ते व्हिवियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने, ज्याने सुतारकाम केले होते आणि ज्याला वैद्यकीय शिक्षण घेण्याची ऐपत व संधी कधी मिळाली नव्हती. कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करून त्याने तिचे तंत्र बसवले. आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जेव्हा ब्लॅलॉक यांनी सव्वा वर्षाच्या एका मुलीच्या हाताकडे जाणारी धमनी तिच्या फुप्फुस धमनीला जोडली, तेव्हा थॉमस त्यांच्या पाठीशी उभा राहून टाका कोठे व कसा घ्यावा हे सांगत होता. शस्त्रक्रियेला नाव मिळाले ते ब्लॅलॉक व टॉसिग या दोघांचेच. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने थॉमस यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये; आणि आज अनेक वैद्य या जोडाचे नाव घेताना थॉमस यांचेही नाव घेतात, हे उशिरा का होईना न्याय्यच झाले.

पुढे रुग्णाची धमनी न तोडता, मधे साडेतीन-चार मिलिमीटर व्यासाची गोरटेक्सची नळी बसवण्याची पद्धत रूढ झाली. काही बाळांत तर छाती न उघडता, कॅथेटरच्या मार्गाने डक्टसमध्येच स्टेंट बसवून तीच सोय केली जाते. ज्यांना फुप्फुसांत रक्त कमी पडण्याऐवजी अतोनात जाते, त्यांच्या फुप्फुस धमनीभोवती फीत बांधून तो ओघ आवरतात. आणि ज्या बाळाची डावी बाजूच वाढलेली नाही, त्याच्यासाठी बोस्टनच्या विल्यम नॉरवूड यांनी १९८० च्या सुमारास महाधमनीची पुनर्रचना करणारी पहिल्या टप्प्याची अत्यंत अवघड शस्त्रक्रिया सिद्ध केली; ती आपल्या देशात आजही मोजक्याच ठिकाणी होते, आणि अशा बाळाच्या आई-वडिलांशी वैद्याने सर्व शक्याशक्यता न लपवता बोलले पाहिजे व त्यांनी घेतलेला निर्णय, तो कोणताही असो, दोष न देता स्वीकारला पाहिजे, असे मला वाटते.

पहिला टप्पा पार पडला, छातीवरील टाके भरून आले, बाळ दूध पिऊ लागले, आणि एके दिवशी सुटीचा कागद हाती घेऊन आई-वडील गावी परतले. नातेवाइकांना वाटते, संकट टळले. वास्तविक सर्वांत नाजूक काळ येथूनच सुरू होतो. या बाळाची एकच जवनिका शरीराला व फुप्फुसांना अशा दोन्हींकडे रक्त पुरवते, म्हणजे दुप्पट काम करते. रक्तातील प्राणवायू ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यानच असतो, आणि तेवढाच असणे अपेक्षितही असते. आणि सारे जीवित त्या तीन-चार मिलिमीटरांच्या नळीवर टांगलेले असते. निरोगी बाळ जो जुलाबाचा आजार दोन दिवसांत पचवते, तो या बाळाच्या अंगातील पाणी कमी करून, रक्त दाट करून, नळीत गुठळी धरवू शकतो. साधी सर्दी प्राणवायू आणखी खाली नेते. दूध ओढताना बाळाच्या कपाळावर घाम येतो, पिता पिता दमून ते झोपी जाते, आणि त्यामुळे वजन वाढत नाही. वजन वाढत नाही म्हणून पुढचा टप्पा लांबतो.

अमेरिकेतील मिल्वॉकी येथील बालरुग्णालयाने २००० पासून एक अगदी साधा उपाय अवलंबला. नॉरवूड शस्त्रक्रिया झालेल्या बाळांना घरी पाठवताना त्यांनी आई-वडिलांच्या हाती एक वजनकाटा आणि एक पल्स ऑक्सिमीटर दिला, रोज दोन्हींची नोंद करण्यास शिकवले, आणि ठरवून दिले की प्राणवायू ७० टक्क्यांच्या खाली उतरला, एका दिवसात वजन ३० ग्रॅमहून अधिक घटले, अथवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढले नाही, तर वाट न पाहता दूरध्वनी करावा. तोपर्यंत पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यांच्या मधल्या काळात दर शंभर बाळांतून सुमारे पंधरा घरीच दगावत असत. या उपायानंतरच्या पहिल्या अहवालातील बाळांत एकही दगावले नाही. नवे शस्त्र सापडले नव्हते, नवे औषधही नव्हते. घरातील माणसांना काय पाहावे आणि केव्हा बोलावे हे कळले होते.

जोतिबाच्या परिसरात हे का होऊ नये? आपल्याकडे आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी जाण्याचे दिवस ठरलेले आहेत: दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. त्यानंतरच्या ठरीव भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांच्या. निरोगी बाळासाठी हा क्रम विचारपूर्वक बसवलेला आहे. पण पहिला टप्पा झालेल्या बाळाचा धोक्याचा काळ जन्मानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत पसरलेला असतो, आणि बेचाळिसावा दिवस व तिसरा महिना यांच्या मधे त्या घरी कोणी जाण्याचा नियम नाही. ही उणीव भरण्यास मोठा खर्च लागत नाही. तालुक्यात अशी बाळे एका वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असणार. प्रत्येकासाठी एक काटा, एक ऑक्सिमीटर, एक वही, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रातील एका परिचारिकेचा दूरध्वनी क्रमांक, इतके पुरेसे आहे.

यात आपल्याकडची एक अडचण परदेशी ग्रंथांत सापडणार नाही. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. मूल जन्मते ते माहेरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, त्याची नोंद होते तेथील दप्तरात, आणि सव्वा महिना वा तीन महिने उलटल्यावर आई बाळाला घेऊन सासरी येते तेव्हा त्या नव्या गावच्या आशाताईला या बाळाच्या छातीत नळी आहे हेच ठाऊक नसते. ज्या रात्री बाळ निळे पडते, त्या रात्री घरातील वडीलधारी माणसे जवळच्या दवाखान्यात धावतात, आणि तेथील वैद्य, पूर्वेतिहास माहीत नसल्यामुळे, ८० टक्के प्राणवायू पाहून घाबरतो, किंवा याच्या उलट, साधी छातीतली कफबाधा समजून औषध देऊन घरी पाठवतो. म्हणून बाळाचा प्राणवायू किती असणे अपेक्षित आहे, कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, ॲस्पिरिन कोणत्या मात्रेत चालू आहे आणि जुलाब-उलटी झाल्यास ताबडतोब कोठे न्यावे, हे चार ओळींत मराठीत लिहिलेला कागद बाळाबरोबर सासर-माहेर दोन्हीकडे फिरला पाहिजे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगणे भाग आहे. जोतिबा हे असंख्य घरांचे कुलदैवत. बाळ वाचावे म्हणून नवस बोललेला असतो, आणि पहिल्या शस्त्रक्रियेनंतर बाळ घरी आले की ते देवाच्या पायावर घालण्याची, जावळ काढण्याची घाई घरातील वृद्धांना होणे अत्यंत स्वाभाविक आहे. परंतु चैत्री पौर्णिमेची यात्रा म्हणजे भर उन्हाळा, लक्षावधींची गर्दी, सासनकाठ्यांवर उधळलेला आणि हवेत तरंगणारा गुलाल. खाली-वर होणाऱ्या प्राणवायूवर जगणाऱ्या चार महिन्यांच्या बाळाला तेथे नेऊ नये. नवस दुसऱ्या टप्प्यानंतर, गर्दी नसलेल्या दिवशी सकाळी फेडावा. घरातील आजी-आजोबांना हे वैद्याने आदराने व कारणासह सांगितले, तर ते ऐकतात.

दुसरा टप्पा चौथ्या ते सहाव्या महिन्यात येतो. डोके व हात यांकडून येणारी ऊर्ध्व महाशिरा हृदयापासून सोडवून थेट फुप्फुस धमनीला जोडतात, आणि आधीची नळी बंद करतात. येल विद्यापीठातील विल्यम ग्लेन यांनी १९५८ मध्ये या जोडाचा यशस्वी प्रयोग प्रसिद्ध केल्यामुळे त्याला ग्लेन म्हणूनच ओळखतात. जवनिकेचे दुप्पट ओझे येथे उतरते. पहिले काही दिवस बाळाचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो, ते चिडचिड करते, कारण डोक्याकडच्या शिरांतील दाब वाढलेला असतो. उशाकडची बाजू उंच ठेवली की हळूहळू ते निवळते. या टप्प्यानंतरचा काळ त्या मानाने निर्धास्त जातो. मूल बसते, रांगते, चालते.

खर्चाची बाजू सांगितल्यावाचून या उपचाराचे वर्णन अपुरे राहील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. दोन आयुष वैद्य, औषधनिर्माता व परिचारिका यांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी करते, आणि हृदयदोषाचा संशय आलेल्या मुलाची वरच्या केंद्राकडे शिफारस होते. शस्त्रक्रियेचा खर्च उचलणारी राज्याची योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढील वर्षी कोल्हापुरासह सर्व राज्यात पोहोचली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. फुले यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, चैत्री पौर्णिमेचा. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मले म्हणून घरच्यांनी त्यांना या डोंगरावरच्या दैवताचेच नाव ठेवले. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, परळचे १९२९ पासूनचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, खारघर येथे बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य करणारे श्री सत्य साई संजीवनी केंद्र, अशा संस्थांमुळे शेतमजुराच्या मुलालाही हे उपचार अप्राप्य राहिलेले नाहीत. मात्र शिधापत्रिका, बाळाचा जन्मदाखला, पूर्वमंजुरीचा अर्ज या कागदांचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा. आणि मुंबईतल्या मुक्कामाचा, बुडालेल्या मजुरीचा, घरी राहिलेल्या थोरल्या मुलांचा खर्च कोणत्याही योजनेत धरलेला नसतो, हे गावातील सुस्थित माणसांनी लक्षात ठेवावे.

येथे एक कटू सत्यही नोंदवले पाहिजे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील वैद्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या मुलांपेक्षा मुलींची शस्त्रक्रिया होण्याचे प्रमाण बरेच कमी होते. टप्प्यांच्या उपचारात हा अन्याय तीन वेळा घडण्याची भीती असते, कारण कुटुंबाला तीनदा ठरवावे लागते, तीनदा काम सोडून निघावे लागते. आणि मुलगी असेल तर पहिल्या टप्प्यानंतर ‘आता बरी आहे की’ असे म्हणून पुढची तारीख टळत जाते. ग्लेनची वेळ टळलेल्या मुलीची जवनिका दुप्पट ओझ्याखाली थकत जाते, आणि मग तिसरा टप्पा शक्यच राहत नाही.

तिसरा टप्पा सर्वसाधारणपणे दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान करतात. आपल्याकडे तो पुष्कळदा त्याहून उशिरा होतो. फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रान्सिस फाँताँ यांनी १९६८ मध्ये तो प्रथम केला व १९७१ मध्ये जगापुढे मांडला. कमरेखालून व यकृताकडून येणाऱ्या अधोमहाशिरेचे रक्त अठरा-वीस मिलिमीटरांच्या नळीने फुप्फुस धमनीत सोडतात. एवढी मोठी नळी बसायला मुलाची छाती पुरेशी वाढलेली असावी लागते, हेही थांबण्याचे एक कारण. शस्त्रक्रियेनंतर छातीत पाणी साठत राहते, ते काढणाऱ्या नळ्या कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे ठेवाव्या लागतात, आणि घरी जाण्यास आतुर झालेल्या आईची या दिवसांत मोठी कसोटी लागते. पण त्यानंतर ओठांवरचा निळेपणा जातो. प्राणवायू नव्वदीच्या वर चढतो. मूल शाळेत जाते, भांडते, खेळते.

आई-वडील हमखास विचारतात, की हे मूल जोतिबाचा डोंगर स्वतःच्या पायांनी चढेल काय. चढेल, पण आपल्या चालीने, थांबत थांबत. अशा मुलाची श्रम करण्याची कमाल क्षमता समवयस्कांच्या सुमारे दोनतृतीयांश असते. नियमित चालण्याने मात्र त्याचा लाभच होतो. पायांचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा शिरांतील रक्त वर ढकलले जाते, आणि ज्या रक्ताभिसरणात फुप्फुसांकडे रक्त ढकलणारी जवनिकाच नाही तेथे पोटरीच्या स्नायूंचे हे साहाय्य अतिशय मोलाचे ठरते. म्हणून ‘हृदयाचा पेशंट’ म्हणून त्याला ओट्यावर बसवून ठेवू नये. स्पर्धेत मात्र उतरवू नये.

फाँताँ हा टप्प्यांचा शेवट असला तरी उपचाराचा नव्हे. शिरांतील वाढलेला दाब वर्षानुवर्षे यकृतावर राहून तेथे तंतुमयता वाढते. हृदयाची लय बिघडू शकते. काहींच्या आतड्यांतून प्रथिने झिरपू लागतात. चांगल्या केंद्रांतील दहापैकी आठांहून अधिक रुग्ण वीस वर्षांनंतरही जिवंत असतात, परंतु ते दरवर्षीच्या तपासणीच्या आधारावर: इको, विद्युत्-आलेख, यकृताची सोनोग्राफी, रक्त पातळ ठेवणारे औषध, दात काढण्यापूर्वीचे प्रतिजैविक. मुलीच्या बाबतीत तर विवाहाची बोलणी सुरू होण्यापूर्वीच, गर्भारपण तिला कितपत सोसेल याविषयी तज्ज्ञाशी निवांत बोलणे झाले पाहिजे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वयोमर्यादा मात्र १८ वर्षांची आहे. ज्या वयात या गुंतागुंती डोके वर काढू लागतात, त्याच वयात शाळेत येणारे पथक थांबते, बालरुग्णालयाचा दरवाजा बंद होतो, आणि मुलगा पुण्याला वा इचलकरंजीला कामाला लागतो. प्रौढ झालेल्या या रुग्णांची जिल्हावार नोंदवही ठेवणे, त्यांच्या शस्त्रक्रियांचे मूळ अहवाल बालरुग्णालयाकडून प्रौढांच्या हृदयविभागाकडे रीतसर सोपवणे, आणि वर्ष उलटूनही जो आला नाही त्याच्या घरी माणूस पाठवणे, ही व्यवस्था कोल्हापुरात जिल्हा पातळीवर उभी करता येण्यासारखी आहे, आणि पहिल्या टप्प्याला वाचलेली मुले वयात येत असताना ती आताच उभी केली पाहिजे.